सबवूफरची लेव्हल आणि अँपचा गेन: स्वतःच्या हाताने, मल्टीमीटर लावून

गाडीतला माझा पहिला सबवूफर, म्हणजे फक्त खालचा बेस वाजवणारा मोठा स्पीकर, तीन महिन्यांत जळला. इगतपुरीहून नाशिकला परत येत होतो. विल्होळीच्या आसपास डिक्कीतून वार्निश तापल्यासारखा वास आला, आणि पाथर्डी फाट्यापर्यंत बेस बंद. बसवून देणाऱ्याने अँपवरचा (स्टिरिओचा सिग्नल मोठा करून सबला देणारा अँप्लिफायर) गेन जवळपास पूर्ण उजवीकडे फिरवला होता आणि वर बेस बूस्टही लावला होता. दुकानासमोर गाडी उभी असताना आवाज जबरदस्त वाटला, मी खूश होऊन निघालो. काय चुकलं होतं ते सब उघडून कॉइल काळी पडलेली पाहिल्यावर कळलं.

दुसऱ्या वेळी सगळं स्वतः जुळवलं. त्यानंतर मित्रांच्या आणि नातेवाइकांच्या मिळून सात-आठ गाड्यांचं हेच काम केलं, आणि बहुतेक ठिकाणी तीच चूक सापडली. गेन म्हणजे आवाज कमीजास्त करायचं बटण, असं समजून तो फिरवलेला असतो. गेनचं खरं काम वेगळं आहे. स्टिरिओकडून अँपकडे सिग्नल नेणाऱ्या आरसीए केबलमधून जेवढे व्होल्ट येतात, त्यांच्याशी अँपचा कान जुळवून घेणं, एवढंच. स्टिरिओ २ व्होल्ट देत असेल तर तेवढ्यावर अँपने आपली पूर्ण ताकद द्यावी. त्याआधीच दिली तर पुढचा सगळा आवाज फाटणार. गेन वाढवून ३०० वॅटचा अँप ५०० वॅटचा होत नाही.

पहिल्यांदाच करत असाल तर दोन-अडीच तास हाताशी ठेवा.

काय काय लागेल

- डिजिटल मल्टीमीटर. महागडा नको. साधे मीटर घरच्या विजेसाठी बनवलेले असतात आणि आपली वीज ५० हर्ट्झची. आपण टोनही (एकाच सुराचा सलग आवाज) ५० हर्ट्झचाच वाजवणार आहोत, त्यामुळे स्वस्त मीटरही इथे बऱ्यापैकी खरं सांगतो. १००० हर्ट्झवर मात्र त्याच्यावर विश्वास ठेवू नका.
- ५० हर्ट्झ आणि ८० हर्ट्झचे टेस्ट टोन, पेनड्राइव्हवर डब्ल्यूएव्ही फाइलमध्ये. टोन ० डीबीचा (डेसिबलचा) आहे की उणे ५ डीबीचा, ते फाइलच्या नावातच लिहून ठेवा; फरक काय ते पुढे येईल.
- अँप आणि सब दोन्हींची माहितीपुस्तिका किंवा खोक्यावरचा तक्ता.
- छोटा स्क्रूड्रायव्हर, अॅलन की, पॉलिश पेपर.
- नेलपॉलिश. कशासाठी ते पुढे येईल.
- कागद-पेन, आणि शक्य असेल तर स्टिरिओपाशी बसायला एक माणूस.

## १. आधी कागदावरचे आकडे

खोक्यावर मोठ्या अक्षरांत १२०० वॅट, १८०० वॅट असं जे छापलेलं असतं, ते सोडून द्या. तो क्षणभराचा कमाल आकडा असतो. बारीक अक्षरांत आरएमएस, म्हणजे सतत पेलवणारी पॉवर, शोधा. सबचा आरएमएस आणि अँपचा, तुमच्या ओहमवरचा, आरएमएस. या दोन्हींत जो कमी असेल, तो आपला वॅटचा आकडा.

ओहम म्हणजे सबच्या कॉइलचा अडथळा. एकच कॉइल असेल तर प्रश्न नाही. दोन कॉइलचा सब असेल तर जोडणी बघावी लागते. ४ ओहमच्या दोन कॉइल समांतर जोडल्या की २ ओहम होतात, एकामागे एक जोडल्या की ८. शंका असेल तर सबच्या वायर अँपपासून सोडवा आणि मीटर ओहमवर ठेवून मोजा. ४ ओहमचा सब साधारण साडेतीनच्या आसपास दाखवतो, ते बरोबरच आहे. २ ओहम जोडणी आणि अँप मात्र किमान ४ ओहमवरच चालणारा, अशी जोडी सापडली तर तिथेच थांबा. आधी वायरिंग बदला.

आता छोटं गणित. वॅटला ओहमने गुणा आणि त्याचं वर्गमूळ काढा. येतील तेवढे व्होल्ट हे आपलं लक्ष्य.

- १५० वॅट, ४ ओहम: २४.५ व्होल्ट
- २५० वॅट, ४ ओहम: ३१.६ व्होल्ट
- ३०० वॅट, ४ ओहम: ३४.६ व्होल्ट
- २५० वॅट, २ ओहम: २२.४ व्होल्ट
- ५०० वॅट, २ ओहम: ३१.६ व्होल्ट

माझ्या गाडीत अँप ४ ओहमवर ३०० वॅटचा आहे आणि सब २५० वॅटचा. म्हणून मी २५० धरले, ३१.६ व्होल्ट. पुढे हेच उदाहरण घेतो.

एक गैरसमज इथेच काढून टाकू. ‘अँप लहान आहे, मोठ्या सबला काय होणार?’ असं बरेच जण म्हणतात. होतं. अँपची ताकद संपली की लाटेचा माथा कापला जातो आणि गोलाकार लाट चौकोनी होत जाते. तेवढ्याच उंचीची पूर्ण चौकोनी लाट साध्या लाटेच्या दुप्पट पॉवर देते. शिवाय कॉइलला हलून हवा मिळते तीही कमी होते. उष्णता साठत जाते आणि कॉइलचा लेप जळतो. माझ्या सबला लागलेला वास तोच होता.

## २. वायरिंग तपासल्याशिवाय गेनला हात लावू नका

हा टप्पा कंटाळवाणा वाटतो, पण अर्ध्या तक्रारी इथेच मिटतात.

बॅटरीपासून अँपकडे जाणाऱ्या लाल वायरवर फ्यूज हवा, आणि तो बॅटरीपासून ४५ सेंटीमीटरच्या आत. अँपजवळ लावलेला फ्यूज अँपला वाचवतो, पण मधली वायर कुठे घासून बॉडीला चिकटली तर आग लागण्यापासून तो वाचवत नाही. हा फ्यूज नसेल तर बाकी सगळं बाजूला ठेवा, आधी तो लावून घ्या.

अर्थिंगची काळी वायर आखूड आणि लाल वायरइतकीच जाड असावी. ती ज्या बोल्टखाली आहे तिथला रंग खरवडून पत्रा चकचकीत केलेला हवा. सीटच्या नटाखाली रंगावरच वायर दाबून दिलेली मी तीन गाड्यांत पाहिली. पॉलिश पेपर घ्या आणि घासा.

वायर विकत घेताना ‘तांब्याची आहे ना?’ एवढंच विचारू नका. अल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली वायर दिसायला सारखीच असते. टोक चाकूने खरवडलं की आतून पांढरं दिसतं. ती चालत नाही असं नाही, पण तेवढ्याच करंटसाठी जास्त जाड घ्यावी लागते.

मग इंजिन सुरू करा. गाडी उघड्यावर असू द्या. सोसायटीच्या तळघरातल्या पार्किंगमध्ये किंवा बंद शटरच्या आत इंजिन चालू ठेवून हे काम कधीही करू नका. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, तो कळतही नाही. मीटर डीसीवर ठेवून अँपच्या टर्मिनलवर व्होल्टेज बघा. इंजिन चालू असताना १३.८ ते १४.४ च्या आसपास हवं. जोराचा बेस वाजल्यावर ते १२ च्या खाली जात असेल तर वायर बारीक आहे, जोड सैल आहे किंवा बॅटरी दमली आहे. गेन फिरवून यातलं काहीच दुरुस्त होत नाही.

## ३. सगळं शून्यावर आणा

स्टिरिओवर इक्वलायझर सपाट, लाउडनेस बंद, बेस वाढवणारं जे जे असेल ते बंद. सबवूफर लेव्हल ० वर, म्हणजे उणे-अधिक पट्टीच्या मधल्या शून्यावर, पूर्ण खाली नाही. स्टिरिओच्या मेनूमध्ये सबसाठी फिल्टर असेल तर मोजमाप होईपर्यंत तोही बंद.

अँपवर गेन पूर्ण डावीकडे. बेस बूस्ट शून्य. लो पास फिल्टर, म्हणजे एलपीएफ (फक्त खालचे सूर पुढे सोडणारा), पूर्ण उजवीकडे उघडा, नाहीतर तो ५० हर्ट्झचा टोन थोडा खाईल आणि आकडा चुकेल. डॅशबोर्डजवळ बेसचा वेगळा नॉब असेल तर तो आत्ता पूर्ण वर ठेवा. मोजताना तो अर्ध्यावर राहिला, तर पुढे कोणीतरी पूर्ण फिरवेल आणि सगळं गणित वाया जाईल.

दारातल्या स्पीकरचा हाय पास फिल्टर, म्हणजे एचपीएफ (खालचे सूर अडवणारा), मात्र ८० किंवा १०० हर्ट्झवर चालू ठेवा. ५० हर्ट्झचा टोन मोठ्या आवाजात दारातल्या छोट्या स्पीकरला झेपत नाही. असा फिल्टर तुमच्या स्टिरिओत नसेल तर त्या स्पीकरच्या वायर तेवढ्यापुरत्या सोडवा.

## ४. स्टिरिओचा आवाज किती ठेवायचा

कमाल आवाजाच्या साधारण तीन चतुर्थांश. ४० पर्यंत जात असेल तर ३०. त्याच्या वर अनेक स्टिरिओ स्वतःच आवाज फाडायला लागतात, आणि फाटलेला आवाज अँप जसाच्या तसा मोठा करतो. हा आकडा कागदावर लिहा. यापुढे ३० ही तुमच्या गाडीची लक्ष्मणरेषा. घरातल्या सगळ्यांना ती सांगा.

टोन पेनड्राइव्हवरूनच वाजवा. ब्लूटूथवर फोनचा आवाज आणि स्टिरिओचा आवाज अशा दोन पायऱ्या होतात, आणि कोणती कुठे होती ते लक्षात राहत नाही. एरवी गाणी ब्लूटूथवर ऐकताना फोनचा आवाज पूर्ण ठेवा आणि कमीजास्त स्टिरिओवरूनच करा.

## ५. मोजमाप

१. स्टिरिओ बंद करा. सबच्या दोन्ही वायर अँपच्या टर्मिनलमधून काढा आणि टोकं एकमेकांना लागणार नाहीत अशी बाजूला करा.

२. मीटर एसी व्होल्टवर, २०० च्या रेंजवर ठेवा. डीसीवर राहिला तर जवळपास शून्य दाखवेल आणि तुम्ही गेन वाढवत बसाल. ही चूक फार होते.

३. मीटरच्या सुया अँपच्या स्पीकर टर्मिनलवर धरा. सुया एकमेकांना चिकटू देऊ नका, आउटपुट शॉर्ट होईल.

४. इंजिन चालू ठेवून ५० हर्ट्झचा टोन सुरू करा आणि आवाज सावकाश ३० पर्यंत न्या.

५. गेन अगदी हळूहळू उजवीकडे फिरवा. पहिल्यांदा वाटतं, काहीच होत नाहीये, आणि मग आकडा एकदम उडी मारतो. ३१ च्या आसपास थांबा. दशांशाच्या मागे लागू नका.

६. स्टिरिओ बंद, वायर परत जोडा. अधिक-उणे बरोबर बघा.

गेनच्या नॉबवर आणि त्याच्या बाजूच्या पत्र्यावर मिळून नेलपॉलिशची एक बारीक रेघ ओढा. सर्व्हिसिंगला गाडी दिल्यावर कोणी फिरवलं तर लगेच कळतं.

आता प्रश्न टोनचा, ० डीबी की उणे ५? ० डीबी म्हणजे रेकॉर्डिंगची अगदी वरची मर्यादा. त्यावर जुळवलं तर फाटण्याची भीती जवळपास राहत नाही. पण बहुतेक गाण्यांत बेस सतत त्या मर्यादेवर नसतो, त्यामुळे सब थोडा गप्प वाटू शकतो. अशा वेळी उणे ५ डीबीच्या टोनवर तेच ३१ व्होल्ट जुळवतात. गेन थोडा जास्त बसतो आणि अधूनमधून एखादा ठोका कापला गेला तरी सब ते सोसतो. पहिल्यांदा करणाऱ्याने ० डीबीच घ्यावा असं माझं मत आहे. महिनाभर ऐका, मग ठरवा. आणि जी गाणी मुळातच कचकचून बेस भरून तयार केलेली असतात, डीजेवाल्यांची रीमिक्स वगैरे, तीच तुम्ही जास्त ऐकत असाल तर ० डीबीवरच राहा.

गेन अगदी टोकाला नेऊनही लक्ष्य गाठता येत नसेल, तर अँपला दोष देण्याआधी आरसीए केबल, स्टिरिओचा सब आउटपुट आणि कुठे राहून गेलेला फिल्टर बघा.

## ६. क्रॉसओव्हर

क्रॉसओव्हर म्हणजे सब आणि दारातले स्पीकर यांच्यात सुरांची वाटणी जिथे होते ती जागा. एलपीएफ ८० हर्ट्झवर आणा, दारातल्या स्पीकरचा एचपीएफही ८० वरच. दारात लहान स्पीकर असतील तर दोन्ही १०० पर्यंत न्या. स्टिरिओत आणि अँपमध्ये, दोन्हीकडे हा फिल्टर असेल तर एकच वापरा. दोन्ही चालू राहिले तर जोडाच्या ठिकाणी आवाजात खड्डा पडतो.

सबच्या खोक्याला भोक किंवा नळी असेल तर सबसॉनिक फिल्टर, म्हणजे अगदी खालचे सूर अडवणारा फिल्टर, जरूर लावा. अशा खोक्यात ठरावीक फ्रिक्वेन्सीच्या खाली सबच्या कोनला (हलणाऱ्या पडद्याला) हवेचा आधार उरत नाही, तो मोकाट हलतो आणि फाटतो. खोकं ३५ हर्ट्झवर ट्यून असेल तर फिल्टर २८ ते ३० च्या आसपास. पूर्ण बंद खोक्याला याची निकड नसते.

## ७. फेज

फेज म्हणजे सब आणि दारातले स्पीकर एकाच वेळी पुढे-मागे हलतात की उलट. ड्रायव्हरच्या सीटवर बसा, ८० हर्ट्झचा टोन माफक आवाजात लावा आणि दुसऱ्याला फेजचं बटण ० आणि १८० वर करायला सांगा. जिथे बेस जास्त भरीव वाटेल तिथे ठेवा. पाच मिनिटांचं काम आहे, पण चुकीच्या फेजवर सब आणि दारातले स्पीकर एकमेकांचा आवाज खातात, आणि ती उणीव मग गेन वाढवून भरली जाते.

## ८. आता कान

मीटरचं काम संपलं. सब किती वाजावा हे आता स्टिरिओच्या सबवूफर लेव्हलवर ठरवायचं, गेनला परत हात लावायचा नाही.

लेव्हल पूर्ण खाली घ्या आणि फक्त दारातल्या स्पीकरवर ओळखीचं गाणं लावा. मग एकेक पायरी वाढवत जा. एक क्षण असा येतो की बेस डिक्कीतून न येता समोरून, काचेपलीकडून आल्यासारखा वाटतो. तिथे थांबा. त्याच्या पुढे गेलात की पाठीमागे कोणी दार आपटतंय असं वाटू लागतं.

ऐकायला काय लावावं? आपल्या नाशिकच्या माणसाला यासाठी लांब जायला नको. नाशिक ढोलाचं चांगलं, स्वच्छ रेकॉर्डिंग घ्या. टिपरू पानावर पडल्याचा ठोका दारातल्या स्पीकरचा, त्यामागचा घुमारा सबचा. हे दोन्ही एकाच वेळी, एकाच ढोलातून आल्यासारखे वाटले पाहिजेत. घुमारा मागे रेंगाळत असेल तर लेव्हल जास्त आहे किंवा एलपीएफ फार वर आहे. ठोका कोरडा, लाकडावर मारल्यासारखा वाटला तर लेव्हल कमी. मिरवणुकीत ढोलाच्या समोर उभं राहून ज्याने छातीत तो घुमारा अनुभवलाय, त्याला हे सांगावं लागत नाही. नंतर एखादं तबल्याचं रेकॉर्डिंग ऐका. डग्ग्याची मींड, तो आवाज खाली-वर सरकतो ती, अखंड ऐकू यायला हवी. मध्येच एखादा स्वर फुगत असेल तर तिथे गाडीची बॉडी घुमते आहे.

उभ्या गाडीत जुळवलेली लेव्हल हायवेवर कमी पडते. टायरचा आणि वाऱ्याचा आवाज बराचसा खालच्या पट्टीतला असतो, तो बेस गिळतो. मुंबई नाक्यावरून निघून ८० च्या वेगाने घोटीकडे जाताना मी लेव्हल दोन-तीन पायऱ्या वाढवतो आणि गावात शिरताना परत खाली आणतो. या पायऱ्यांसाठी वर जागा हवी. म्हणून वर भाग ३ मध्ये लेव्हल शून्यावर ठेवून मोजली असेल तर रोजचं ऐकणं उणे ४-५ वर असू द्या आणि शून्याच्या वर जाऊ नका.

बेस बूस्टचा मोह होईल. ३ डीबी वाढवायला अँपला दुप्पट पॉवर लागते, ६ डीबीला चौपट, १० डीबीला दसपट. २५० वॅटवर जुळवलेल्या अँपला ६ डीबी बूस्ट म्हणजे १००० वॅट मागणं झालं. ते तो देणार नाही, आवाज फाडून देईल. शून्यावरच राहू द्या.

## ९. सीटखालचा सब आणि कंपनीचा स्टिरिओ

सीटखालचा चपटा सब अँपसकट एकाच खोक्यात येतो, तिथे आउटपुट मोजता येत नाही. त्यात बाकी सगळं शून्यावर ठेवून, स्टिरिओ ३० वर नेऊन, गाण्यावर गेन हळूहळू वाढवा. बेस खरखरीत किंवा बसका झाला की थांबा आणि तिथून थोडं मागे या. त्याच्याकडून डिक्कीतल्या बारा इंची सबसारखी अपेक्षा ठेवू नका. पण गाडीची डिक्की सामानासाठी लागत असेल तर तोच बरा.

कंपनीच्या स्टिरिओवरून स्पीकरच्या वायरीतून सिग्नल घेतला असेल तर एक गोष्ट तपासा. काही स्टिरिओ आवाज वाढेल तसा बेस आपणहून कमी करतात, दारातले स्पीकर वाचावेत म्हणून. ५० हर्ट्झचा टोन लावून आवाज १५, २०, २५, ३० असा वाढवा आणि दर वेळी व्होल्ट लिहा. आकडा ठरावीक जागेनंतर वाढायचा थांबला तर तीच तुमची मर्यादा, गेन तिथेच जुळवा. नव्या गाडीत मूळ वायर कापू देऊ नका. कपलर मिळतात, ते वापरायला सांगा, नाहीतर वॉरंटीचा वाद उभा राहतो.

## १०. कुठे आणि केव्हा

मोजताना सब सोडवलेला असतो, त्यामुळे ते काम उघड्या पार्किंगमध्येही शेजाऱ्यांना त्रास न देता होतं. कानाने जुळवायचं काम मात्र वस्तीबाहेर. मी सुट्टीच्या दिवशी सकाळी अंबड एमआयडीसीतल्या रिकाम्या रस्त्यावर जातो. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांत निवासी भागाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे, रात्र म्हणजे १० ते सकाळी ६. रुग्णालयं, शाळा-कॉलेज, न्यायालयांभोवतीचा १०० मीटरचा भाग शांतता क्षेत्र म्हणून जाहीर करता येतो. कॉलेज रोड, गंगापूर रोडवर अशा जागा पावलापावलावर आहेत. तिथे काच खाली करून बेस ऐकवण्यासारखं काही नाही. आजारी माणसाच्या खिडकीपर्यंत बेस सगळ्यात आधी पोचतो.

## ११. पंधरा दिवसांनी

टर्मिनलचे स्क्रू पुन्हा आवळा, ते कंपनाने सैल होतात. अर्ध्या तासाच्या प्रवासानंतर अँपला हात लावून बघा. गरम असणं ठीक, हात ठेववत नसेल तर हवा कमी मिळते आहे. एप्रिल-मेमध्ये दुपारभर उन्हात उभ्या केलेल्या गाडीत अँप आधीच तापलेला असतो. त्याच्यावर गालिचा, रेनकोट, द्राक्षांच्या पेट्या ठेवू नका, आणि निघाल्याबरोबर ३० वर जाऊ नका, गाडी थोडी थंड होऊ द्या.

इंजिनच्या वेगाबरोबर चढणारी शिट्टी ऐकू येत असेल तर पुन्हा अर्थिंग बघा, आणि आरसीए केबल लाल वायरच्या शेजारून गेली असेल तर गाडीच्या दुसऱ्या बाजूने न्या. डिक्कीचं झाकण किंवा नंबरप्लेट खडखडत असेल तर मागे फेल्टची पट्टी चिकटवा. बऱ्याचदा ‘सब फाटतोय’ म्हणून येतो तो आवाज नंबरप्लेटचाच असतो.

शेवटी एका कागदावर लिहा: वॅट, ओहम, लक्ष्य व्होल्ट, टोन कितीचा, स्टिरिओ कितीवर, सब लेव्हल कितीवर, एलपीएफ, एचपीएफ, फेज, तारीख. तो गाडीच्या कागदपत्रांसोबत ठेवा. बॅटरी बदलली की बरेच स्टिरिओ सगळं विसरतात, तेव्हा हाच कागद कामाला येतो.